सुई दिली म्हणजे भूल चढली असं नाही

गावाकडून इकडे, अमेरिकेतल्या आयोवाला, पोचणारे आरोग्याचे वाद बहुतेक पदवीचे असतात. 2020 च्या नोव्हेंबरात आयुर्वेदाच्या पदव्युत्तर डॉक्टरांना 58 शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, तेव्हा एक वाद झाला. पुढे सीसीएमपी, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा प्रमाणपत्र कोर्स, केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने करावी की नाही, यावरून संप झाले. दर वेळी एक प्रश्न हमखास येतो, ‘कापतील हे, पण भूल कोण देणार?’ प्रश्न रास्तच आहे. पण यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीतल्या बाईला टेबलावर जे दुखतं, त्यातलं पुष्कळसं भूल देणाऱ्याच्या पदवीमुळे दुखत नाही. ते घाईमुळे दुखतं, आणि घाईवर कोणी संप करत नाही.

आयोवा हा अमेरिकेचा मका-सोयाबीनचा पट्टा. कापूस वगळला तर वाशीमच्या शेतकऱ्याला इथलं शिवार परकं वाटणार नाही. इथल्या खेड्यांतल्या दवाखान्यांसाठी 1997 च्या केंद्रीय कायद्याने एक वेगळा वर्ग केला. खाटा जास्तीत जास्त 25, आणि त्या बदल्यात सरकारकडून मिळणारे पैसे वेगळ्या हिशोबाने. आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या 30 खाटा, म्हणजे आवाका जवळपास तोच. अशा ठिकाणी भूल देणारी व्यक्ती पुष्कळदा डॉक्टर नसतेच, नर्स असते. नर्सवर डॉक्टरची देखरेख हवी ही केंद्राची अट राज्याला हवी तर नाकारता येईल, अशी सोय 2001 मध्ये झाली. ती पहिल्यांदा घेतली आयोवाने.

नर्सने भूल देण्याची चाल इथे शंभर वर्षांहून जुनी आहे. शेजारच्या मिनेसोटात, मेयो क्लिनिकमध्ये, ॲलिस मॅगॉ या नर्सने 14,000 हून जास्त रुग्णांना भूल दिली आणि भुलीपायी एकही दगावला नाही, असा तिचा अहवाल 1906 मध्ये छापून आला. (त्या मेयोचा नागपूरच्या मेयोशी काही संबंध नाही.)

आता हे वाचून कोणी म्हणेल, बघा, अमेरिकेत नर्स चालते, मग आपल्याकडे अमुक कोर्सवाला का नको? हा अर्धाच हिशोब झाला. इथली नर्स आधी नर्सिंगची पदवी घेते, किमान एक वर्ष अतिदक्षता विभागात काढते, मग साधारण तीन वर्षं फक्त भूल शिकते. तिच्यासमोर श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारी रेघ चालू असते. दर पाच मिनिटांनी रक्तदाब आणि नाडी कागदावर चढते. आपल्याकडे एमबीबीएस डॉक्टरांसाठी ‘जीवरक्षक भूल कौशल्य’ प्रशिक्षण निघालं ते 18 आठवड्यांचं. माझं मत विचाराल तर तेही वाईट नाही. अठरा आठवड्यांत कमरेतली भूल चांगली शिकता येते. पण ती फसली तर रुग्णाला झोपवून घशात नळी घालायची हिंमत आणि हात अठरा आठवड्यांत येत नाही. गाडं तिथे अडतं. मग डॉक्टरही आणि बाईही अर्धवट चढलेल्या भुलीवरच ऑपरेशन निभावून नेतात.

सिझरचंच घ्या. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधल्या फटीतून सुई पाणी दिसेपर्यंत आत जाते. मग 0.5 टक्क्याचं ‘हेवी’ ब्युपिव्हाकेन दोन मिलिलिटरच्या आसपास सोडतात, म्हणजे 10 मिलिग्रॅम. मिळालं तर सोबत 10 ते 20 मायक्रोग्रॅम फेंटानिल, हे अफूवर्गातलं वेदनाशामक. हेवी म्हणजे त्यात साखर मिसळलेली असते. त्यामुळे ते मणक्यातल्या पाण्याहून जड होतं आणि उताराकडे वाहतं. सुई दिल्यावर बाईला बसवूनच ठेवलं तर औषध खाली बैठकीकडे साचतं, पाय बधिर होतात आणि पोट जागं राहतं. अमेरिकेत हेच औषध 0.75 टक्क्याचं मिळतं, म्हणून इथल्या तक्त्यात मिलिलिटर कमी दिसतात. इकडचे आकडे तिकडे नेताना मिलिग्रॅममध्येच बोलावं, नाहीतर भूल कमीच द्याल.

चूक होते ती याच्या पुढे. बाईला आडवं केलं, पोट रंगवलं, कापड टाकलं. सर्जन चिमटा घेऊन टाक्याच्या जागी कातडी दाबतो. ‘दुखते काय?’ ‘नाही जी.’ आणि सुरी लागते. आता ओटीपोटावरच्या आडव्या छेदाच्या जागेची जाणीव छातीच्या बाराव्या आणि कमरेच्या पहिल्या नसेकडे असते. तिथे चिमटा कळला नाही, म्हणजे तेवढी कातडी बधिर झाली. पोटाचं आतलं अस्तर ओढलं, गर्भाशय बाहेर काढून शिवायला घेतलं, आतल्या कडा पुसल्या की ती कळ वर छातीच्या चौथ्या-पाचव्या नसेपर्यंत जाते. बाई कापताना गप्प असते आणि लेकरू बाहेर आल्यावर विव्हळायला लागते, त्याचं कारण हे. तिला ‘घाबरते उगाच’ म्हणतात. ती घाबरलेली नसते, तिचं वरचं पोट जागं असतं.

तपासायला यंत्र लागत नाही. स्पिरिटचा बोळा आधी खांद्याला लावायचा, ‘हा थंडा लागते ना?’ विचारायचं, मग मांडीपासून वर वर नेत जायचं. स्तनाग्राच्या पातळीपर्यंत थंडावा कळता कामा नये. त्यानंतर कापसाची वात करून हलका स्पर्श, तो स्तनांच्या जरा खालपर्यंत कळता कामा नये. दोन्ही बाजूंनी, कारण भूल एका कुशीला जास्त आणि दुसऱ्या कुशीला कमी अशी चढू शकते. पाय सरळ ठेवून वर उचलायला सांगायचं, उचलता आला तर थांबायचं. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी सिझरमधल्या वेदनेवर 2022 मध्ये मार्गदर्शन काढलं. त्यात हलक्या स्पर्शाची ही चाचणी आणि ती कागदावर नोंदणं, दोन्ही आहे. सुईपासून ही पातळी यायला पाच ते दहा मिनिटं जातात, कधी जास्त. नाहीच आली तर डोक्याकडून टेबल थोडं खाली करून बघता येतं. तरीही नाही आली तर पुन्हा सुई, किंवा पूर्ण भूल. बाळाचे ठोके मंदावत असतील तर तपासणीला वेळ नसतो हे खरं. पण तालुक्याच्या गावात दुपारी ठरवून होणाऱ्या सिझरला ही सबब चालत नाही.

आणि सुरी लागल्यावर दुखलं तर? रक्त वाहत नसेल तिथे हात थांबवायचा. फेंटानिल द्यायचं, किंवा केटामीन 10-20 मिलिग्रॅम शिरेतून, आणि बाई म्हणत असेल तर पूर्ण भूल. ‘झालंच माय आता, पाच मिनिटं’ हे औषध नाही.

एक तक्रार मात्र खोडायला हवी. ‘कमरेत सुई देल्ली तवापासून कंबर धरली’ असं निम्मं गाव सांगतं. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहतो. पण वर्षानुवर्षांचं कंबरदुखणं सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत सारखंच आढळतं. त्यामागे बाळंतपणात सैल पडलेले सांधे असतात आणि महिन्याभरात पुन्हा सुरू झालेलं निंदण. सुईचं खरं देणं म्हणजे डोकेदुखी. उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की उतरतं. धारदार टोकाच्या जाड सुईने ती जास्त होते, पेन्सिलसारख्या टोकाच्या बारीक सुईने बरीच कमी. खरेदीच्या यादीत ही सुई लिहिणं हा खर्चाचा प्रश्न आहे, पण फार मोठ्या खर्चाचा नाही.

कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनची गोष्ट याहून कडू आहे. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरांनंतर बायका दगावल्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हटलं. चर्चा झाली ती मृत्यूंची, आणि ते बरोबरच होतं. वेदनेची झाली नाही. या ऑपरेशनला नेहमीची रीत म्हणजे पेंटाझोसिन हे वेदनाशामक आणि गुंगी आणणारं प्रोमेथाझिन यांचं इंजेक्शन (ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सगळे त्याला फोर्टविन-फेनरगन म्हणतात) आणि बेंबीखाली जागा बधिर करणारं लिग्नोकेन. दंडातलं किंवा कुल्ल्यातलं पेंटाझोसिन काम करायला लागायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पूर्ण जोर यायला त्याहून जास्त. रांग मोठी असली की ते टेबलावर चढवतानाच देतात. मग होतं काय, दुर्बीण आत असताना बाई पूर्ण जागी असते. व्हरांड्यात सतरंजीवर नेऊन निजवल्यावर तिला गुंगी येते, जिथे तिचा श्वास मोजायला कोणी नसतं. औषध तेच, मात्रा तीच, फक्त घड्याळ उलटं. याद्या लिहिताना, वजन घेतानाच सुई दिली असती तर दोन्ही सुटलं असतं.

दुसरं, लिग्नोकेन कातडीत दिलं की कातडी बधिर होते, गर्भनलिका नाही. पोटात वायू भरला की अस्तर ताणतं. नलिकेवर रिंग बसली की तिथलं रक्त तुटतं आणि पोटात मुरडा येतो. म्हणून दुर्बिणीतून दोन्ही नलिकांवर लिग्नोकेनचे थोडे थोडे मिलिलिटर सोडतात. हे नवं नाही, अवघडही नाही. नंतर खांदा दुखतो त्याला ‘अंग लचकलं’ म्हणतात, पण तो वायू छाती-पोटामधल्या पडद्याला टोचत असतो आणि पडद्याची नस मानेतून निघते. बाईला आधी सांगितलं तर ती घाबरत नाही.

लिग्नोकेनचं गणित भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. साधं लिग्नोकेन किलोला 3 मिलिग्रॅम, ॲड्रिनलिन घातलेलं किलोला 7. दोन टक्क्याच्या बाटलीत दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम. म्हणजे 40 किलोच्या बाईला साध्या दोन टक्क्याचे 6 मिलिलिटर झाले की संपलं. तेच सलाइन घालून एक टक्का केलं तर 12 मिलिलिटर मिळतात आणि काम तेवढंच होतं. आपल्याकडे उलटं चालतं. घट्ट औषध, थोडी जागा, सुई दिल्याबरोबर सुरी, मग ओरडली की आणखी एक सिरिंज, मग आणखी एक. ओठ बधिर होणं, कानात गुणगुण, तोंडात लोखंडाची चव आणि मग झटका, हा त्या ‘आणखी एक’चा हिशोब असतो. सुई देऊन पाच मिनिटं थांबलं तर दुसरी सिरिंज बहुतेक वेळा लागतच नाही. गळू फोडताना मात्र थांबूनही फायदा नाही. पुवाच्या जागी आम्ल असतं, त्यात लिग्नोकेन नसेत शिरत नाही. तिथे लांबून, चांगल्या मांसात गोल सुया द्याव्यात, नाहीतर सरळ केटामीन. केटामीनमध्ये श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, पंखा-लाइट गेली तरी काम अडत नाही. लाळ सुटते आणि उठताना माणूस बरळतो, म्हणून ग्लायकोपायरोलेट आणि थोडं मिडाझोलम. 2013 च्या शेवटी केटामीन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत, गेलं. तेव्हापासून दोन प्रती लिहा, एक दोन वर्षं जपा, हे सगळं आलं. लहान दवाखान्यांनी कटकट नको म्हणून ठेवणंच बंद केलं तर तोटा गळवाच्या रोग्याचा.

कायद्याचा असाच एक पेच हाताच्या भुलीत आहे. सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरमध्ये हात गेलेला माणूस येतो. त्याचा फक्त हात बधिर करता येतो, गळपट्टीच्या हाडामागे किंवा काखेत नसेभोवती औषध सोडून. आयोवातली नर्स ते सोनोग्राफीत नस बघत करते. तिचं यंत्र या खोलीतून त्या खोलीत जातं. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटली की 1994 चा गर्भलिंग निदानाचा कायदा येतो, यंत्राची नोंद, जागेची नोंद, आणि गावोगाव ‘कॉल’वर फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाला ते बॅगेत घालून नेता येत नाही. कायदा का आला ते ठाऊक असल्यावर तो सैल करा असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण मळणीच्या महिन्यांत उपजिल्हा रुग्णालयाच्या ओटीत एक यंत्र कायमचं नोंदवून ठेवायला कायदा आडवा येत नाही.

‘आदिवासी बाई काटक असते, मजुरी करणाऱ्याला कमी दुखते’ हे वाक्य धानोऱ्यापासून धारणीपर्यंत ऐकू येतं. वाटलं की हे आपल्याच मागासपणाचं लक्षण, तर इथला एक अभ्यास वाचावा. 2016 मध्ये व्हर्जिनियातल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काळ्यांच्या शरीराबद्दल विचारलं. काळ्यांची कातडी जाड असते अशांसारख्या खोट्या समजुतींपैकी एक तरी निम्म्या जणांना खरी वाटत होती. ज्यांना वाटत होती त्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी लेखली. आणि कनेक्टिकटमधल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात 2020 मध्ये एक नर्स फेंटानिल चोरून बाटल्यांत सलाइन भरत होती. सुईने बीज काढताना बायका ओरडत होत्या आणि त्यांना सांगितलं जात होतं की इतकं दुखायचंच. महिनोन् महिने कोणाला शंका आली नाही. ‘दुखायचंच’ हे उत्तर तयार असलं की बाटलीत काय आहे ते कोणी बघत नाही. सगळी यंत्रं असलेल्या देशातली ही गोष्ट.

ज्या बाईला माडिया किंवा कोरकूच येते तिला मराठीत ‘दुखते का’ विचारून उत्तर ‘नाही’च येणार, किंवा काहीच नाही. तिला टेबलावर घेण्याआधी, सोबतच्या आशाताईंकडून, एक खूण शिकवावी. दुखलं की उजवा हात उचल. म्हणजे तो हात बांधायचा नाही, सलाइन डाव्या हाताला.

विदर्भाला सिकलसेलचा वेगळा धडा आहे आणि तो अमेरिकेतले काळे रुग्ण रोज शिकवतात. या रोग्याला उपाशी, तहानलेला, थंड आणि दुखत ठेवला की रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि एक ऑपरेशन दोन आजारांचं होतं. ऑपरेशननंतर छातीत-पोटात दुखतं म्हणून तो उथळ श्वास घेतो, आणि त्यातून फुप्फुसाचा जीवघेणा झटका येऊ शकतो. म्हणजे याच्या वेदनेचं औषध हे फुप्फुसाचंही औषध आहे. तरी आपल्याकडची पद्धत ‘रात्रीपासून पाणीसुद्धा नको’. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर, नंबर लागतो दुपारी दोनला. जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे जगभर मान्य झालेलं आहे. सिकलसेल नसला तरी सुकलेल्या बाईचा रक्तदाब कमरेतल्या भुलीने जास्त कोसळतो, मग उलट्या, मग घाबरगुंडी, मग कोणी म्हणतं भूल सोसली नाही.

राहिलं मॉर्फिन. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर दवाखान्यांतून ते नाहीसंच झालं. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिलसारखी काही औषधं अत्यावश्यक ठरवून मान्यतेची वाट सोपी केली, एका औषध नियंत्रकाकडे. तरी किती ग्रामीण रुग्णालयांच्या कपाटात ते दिसतं? अफू आपल्याच देशात पिकते, शेजारच्या मध्य प्रदेशातल्या नीमचला सरकारी कारखाना आहे. ‘अमेरिकेसारखं व्यसन लागेल’ ही भीती मात्र आयात केलेली आहे. इथे जे बिघडलं ते टेबलावरच्या एका इंजेक्शनाने नाही, घरी पाठवलेल्या गोळ्यांच्या बाटल्यांनी. 2017 च्या एका अभ्यासात सिझरनंतर बायकांना साधारण 40 अफूवर्गीय गोळ्या मिळाल्या होत्या आणि 15 उरल्या होत्या. त्या उरलेल्या 15 कपाटात राहतात, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती लागतात. यावरून धडा घ्यायचाच तर घरच्या चिठ्ठीचा घ्यावा. ओटीतल्या 100 मायक्रोग्रॅम फेंटानिलचा नाही.

वॉर्डात तर बहुतेकांना मॉर्फिन लागतही नाही, पॅरासिटामॉल घड्याळाने दिलं तर. पन्नास किलोच्या वर असेल तर दर सहा तासांनी 1 ग्रॅम, 40 किलोच्या बाईला 600 मिलिग्रॅम. जोडीला जेवणानंतर आयबुप्रोफेन 400, मूत्रपिंड ठीक असेल आणि अंगात पाणी असेल तर. केसपेपरवर मात्र लिहिलेलं असतं ‘दुखल्यास’. ज्या बाईला लहानपणापासून सोसायला शिकवलं ती ‘दुखल्यास’ कधी सांगणार? रात्री दोनला, सिस्टर वॉर्डात एकटी असताना?

तेव्हा संपाच्या मागण्यांत घालायला एक क्षुल्लक वस्तू सुचवतो, रबरी शिक्का. केसपेपरवर भुलीच्या रकान्यात आज ‘एस. ए.’ (स्पायनल ॲनेस्थेशिया, म्हणजे कमरेतली भूल) एवढी दोन अक्षरं असतात. त्याखाली चार ओळी उमटाव्यात. भूल किती वाजता दिली. थंड कुठवर गेलं, डावीकडे, उजवीकडे. स्पर्श कुठवर गेला. सुरी किती वाजता लागली. पहिली आणि शेवटची वेळ यांत किती मिनिटं आहेत, ते मग कोणालाही मोजता येईल, वॉर्डात पेपर उलटून बघणाऱ्या बाईच्या नवऱ्यालासुद्धा.